सदतिसाव्या वर्षी माइकसमोर



बाईमाणसानं चारचौघांत मोठ्यानं हसू नये, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. आज जिच्याबद्दल सांगणार आहे, तिनं लोकांना हसवूनच संसार चालवला.

अमेरिकेतली फिलिस डिलर. पाच लेकरांची आई. घरात पैशांची ओढाताण, म्हणून रेडिओसाठी जाहिराती लिहायची. १९५५ साली, वयाच्या ३७व्या वर्षी, सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबात ती एकटी माइकसमोर उभी राहिली. तेव्हा या धंद्यात बहुतेक पुरुषच होते.

तिचे विषय कुठले? बिघडलेला स्वयंपाक, इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग, पोरांचा दंगा आणि ‘फँग’ नावाचा मनानंच रचलेला नवरा. म्हणजे आपलंच रोजचं जगणं! चांगली गृहिणी कशी असावी, या अपेक्षेचीच ती टर उडवायची.

पण हे नुसतं तोंडाला येईल ते बोलणं नव्हतं. वाक्य आखूड, हसू आणणारा शब्द अगदी शेवटी. प्रत्येक विनोद ती कार्डावर टाइप करून विषयवार लावून ठेवायची. अशी ५० हजारांहून जास्त कार्डं आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवली आहेत. २००२ साली, ८४व्या वर्षी तिनं रंगमंचाचा निरोप घेतला.

मैत्रिणींनो, घरकामाला कुणी काम म्हणत नाही. तिनं त्याच कामातून कला उभी केली. पुढच्या बैठकीत हिशेबाची वही मिटली, की प्रत्येकीनं आपल्या घरातला एक गमतीचा प्रसंग सांगा. आणि हसा, अगदी मोठ्यानं!