पाटीचा दगड पायाखाली



आपण पाटीवर अक्षरे गिरवली. फुटक्या पाटीची कड कधी नीट पाहिली का? तिथे पापुद्रे दिसतात. दगडी पाटी मुळात गाळाची. कोट्यवधी वर्षांपूर्वी पाण्याखाली बारीक गाळ साचला. त्यावर भार पडला, उष्णता लागली आणि त्याचा दगड झाला. वहीची पाने सुटावीत तसे त्याचे पातळ थर सुटतात. आंध्र प्रदेशातले मार्कापूर या दगडासाठी प्रसिद्ध आहे.

याच दगडाची फरशीही होते. नागपूरचा अजब बंगला तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. ते संग्रहालय १८६३ साली सुरू झाले. दुसऱ्या एका जुन्या संग्रहालयाची दुरुस्ती चालू होती. आमचा एक विद्यार्थी तिथे गवंडी होता. त्याचे काम पाहायला आम्ही गेलो.

आम्ही विचारले, "शहाबादी का नाही बसवली?"

तो म्हणाला, "गुरुजी, शहाबादी चुन्याच्या जातीची. लिंबू सांडले की डाग पडतो. ही सहसा डागत नाही. शिवाय खडबडीत आहे, पाय घसरत नाही."

मग त्याने काम दाखवले. आधी प्रत्येक फरशी ठोकून पाहायची. खणखणीत वाजली तर चांगली, बद्द वाजली तर आत चीर आहे. जाडी सारखी नसते, म्हणून जाड-पातळ वेगळ्या करायच्या. खालची जमीन धुमसून काँक्रीट करायचे आणि ते वाळू द्यायचे. दोरी लावून फरशी आधी कोरडीच मांडून पाहायची. मग मसाला सगळीकडे भरायचा. खाली पोकळी राहिली, तर जड मूर्तीची गाडी वरून जाताच फरशी फुटते. सांधे भरले की सांडलेले सिमेंट लगेच पुसायचे, नाहीतर ते खडबडीत दगडात बसते.

एवढे चांगले काम! पण एका कोपऱ्यात दोन पोरं यंत्राने फरशी कोरडीच कापत होती. तोंडाला नुसता गमछा. केस, भुवया धुळीने पांढऱ्या. आम्ही आमच्या विद्यार्थ्याला म्हणालो, "अरे, फरशी शंभर वर्षे टिकेल. ही पोरं टिकतील का?" तो गप्प झाला. त्याने काम थांबवले.

ही धूळ साधी नव्हे. ती फुप्फुसात बसते, परत निघत नाही. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. खोकला येतो, दम लागतो. लोकांना क्षय वाटतो. गेलेले फुप्फुस कोणत्याही औषधाने परत येत नाही. मध्य प्रदेशात मंदसौर येथे पाटीवरच्या दगडी पेन्सिली होत. तिथे या धुळीने कितीतरी कामगार भरल्या वयात गेले.

चंद्रपूर-गडचिरोलीची आपली माणसे धान कापून झाले की बाहेर कामाला जातात. कुणी तेलंगणात मिरची तोडायला, कुणी बांधकामावर. म्हणून सांगतो. दगड ओला कापा. त्यासाठी पाण्याची नळी असलेले यंत्र मागा. साध्या यंत्रावर पाणी ओतू नका, विजेचा झटका बसेल. गमछ्यावर भागवू नका, धुळीचा मुखवटा मागा. झाडूने कोरडी धूळ उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. दवाखान्यात गेलात, तर आपण दगड कापतो हे डॉक्टरांना आधी सांगा.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. पाण्याची नळी असलेले यंत्र आले होते. पोरांच्या पायाशी काळा चिखल होता. भुवया मात्र काळ्याच होत्या.