वांझ नव्हे, नर आहे ती!

आजचा विषय काटवल. पुण्या-मुंबईचे श्रोते म्हणतील कर्टोली, गोंदियाला लागून असलेल्या छत्तीसगडात म्हणतात खेकसी. पावसाळ्यात ही रानभाजी आमच्या बाजारात आली की भाव ऐकूनच पाव किलोवर समाधान मानावं लागतं. मग परसात का लावू नये?

मी सॉफ्टवेअरवाला, शेतीतला तज्ज्ञ नाही. पण दोन-तीन पावसाळे घरी ही वेल वाढवतोय, त्यातलं सांगतो.

वेल कारल्याच्या गोत्रातली. जमिनीखाली कंद असतो. उन्हाळ्यात वर काहीच दिसत नाही, पाऊस पडला की कोंब फुटतो. मांडव द्या, पाणी साचू देऊ नका. पिवळी फुलं संध्याकाळी उमलतात.

आता खरी गंमत. नर वेल वेगळी, मादी वेल वेगळी. फूल येईपर्यंत ओळखूच येत नाही. फुलाखाली मऊ काट्यांची बारकी गाठ असली तर मादी, नुसता देठ असला तर नर. बियांपासून लावलं तर साधारण निम्म्या नर निघतात, म्हणून ओळखीच्या वेलीचा कंद लावलेला बरा. आठ-दहा मादी वेलींना एक नर पुरते. किडे कमी असतील तर नर फूल तोडून मादी फुलावर हलकेच घासायचं, झालं!

नर वेलीला फळ येत नाही. म्हणून तिला नाव काय पडलं? वांझ कर्टोली! आयुर्वेदातही 'वंध्या कर्कोटकी'. बघा ना, फळ नाही नराला, आणि नाव मात्र बाईला हिणवणारं. तोटाही खरा आहे. 'वांझ' म्हणून ती उपटली, किंवा औषधाला तिचा कंद खणून नेला, तर आजूबाजूच्या माद्याही रिकाम्या राहतात. रानातही हाच हिशेब.

औषधाचं म्हणाल तर काटवल परंपरेनं औषधी मानतात, पण म्हणून शुगरची गोळी बंद करू नका. भाजी म्हणून खा: कोवळी फळं, कांदा, हिरवी मिरची, हळद, झाकण ठेवून वाफ. पिवळी पडली की बिया कडक होतात. तीन-चार फळं मात्र वेलीवरच पिकू द्या.

आणि मांडवावर बिनफळाची वेल दिसली, तर उपटण्याआधी फुलाखाली एकदा बघा. भेटू पुढच्या भागात!