चूल एक झाली तेव्हा

(तालुका शिबिरात दुपारच्या जेवणानंतर केलेल्या बोलण्याचा मजकूर. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी छापत आहोत. वाचता येणाऱ्यानं वाड्यावर सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवावं.)



आज्या-आजोबांनो, मावश्यांनो, दादांनो, आणि मागं झाडाखाली बसलेल्या पोरांनो,

जेवणानंतर बोलायची पाळी आमच्यावर आली आहे. पोट भरल्यावर डोळे जड होतात हे आम्हाला माहीत आहे, तेव्हा ज्याला पेंग येईल त्यानं खुशाल पेंगावं. आजच्या खिचडीचं बूड जरा लागलं होतं, तेही आमचंच काम. आधीच कबूल करतो.

शिबिराच्या कागदावर विषय होते फेटाळलेले दावे, अपील, सामूहिक दाव्याचा नकाशा आणि पुढचा ठिय्या. कार्यकर्त्यांच्या बैठकीत आम्ही म्हणालो, आम्हाला जेवणावर बोलू द्या. सगळे हसले. एक दादा म्हणाले, "आंदोलन करायचं का खानावळ काढायची?" त्यांना तेव्हा उत्तर देता आलं नाही. आज संभाजीनगरच्या ठिय्याचे दिवस सांगतो, त्यातच ते उत्तर आहे. तुमच्यातले बरेच जण तिथं होते. आमचं चुकलं तर मधेच बोला.

आपण टेम्पोनं वेरूळ, दौलताबादवरून शहरात उतरलो. क्रांती चौकातून घोषणा देत कचेरीपर्यंत चालत गेलो आणि फुटपाथवर बसलो. अकरा वाड्या-वस्त्यांची माणसं होती. संध्याकाळ झाली तशा अकरा चुली पेटल्या. भिलवाड्याची वेगळी, ठाकरवाडीची वेगळी, तडवी भावांची वेगळी, गायरान कसणाऱ्या भावांची तिकडं गेटच्या पलीकडं. तीन-तीन विटा मांडल्या, ज्यानं त्यानं आपलं गाठोडं सोडलं. धूर एवढा झाला की रस्त्यावरचे गाडीवाले थांबून बघत होते. दिवसभर आपण "आम्ही सारे एक आहोत" म्हणून घसा कोरडा केला होता, आणि भाकर खायला अकरा ठिकाणी तोंड फिरवून बसलो. हे आम्हाला त्या वेळी खटकलं नाही, खरं सांगतो. आम्हीपण आमच्याच वाडीच्या चुलीजवळ होतो.

दुसऱ्या दिवशी रात्री एक आजी दिव्याच्या खांबाला टेकून बसलेली दिसली. तिच्या वस्तीतून तिघंच आली होती आणि त्यातले दोघं कामाला परत गेले होते. विचारलं, "आज्जे, जेवलीस का?" म्हणाली, "जेवले की, पोट गच्च झालंय." आमच्यातली एक पोर तिच्याजवळ जाऊन बसली. गाठोड्यात मिठाची पुडी होती आणि दोन वाळल्या मिरच्या. पीठ सकाळीच संपलं होतं. दहा पावलांवर दुसऱ्या वाडीच्या भाकरी शिल्लक राहून वाळत होत्या. तिनं मागितली नाही आणि त्यांनी विचारली नाही. त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. वनजमिनीच्या हक्काला आलेली बाई आपल्याच माणसांत उपाशी.

सकाळी सभेत आम्ही म्हणालो, चूल एक करू. लगेच कुरबुर सुरू झाली. कोण म्हणे तिखट जास्त होईल, कोण म्हणे आमच्याकडं मक्याची भाकर लागते. खरी गोष्ट उशिरा बाहेर आली. एक काका हळूच म्हणाले, "आमच्यात त्यांच्या हातचं चालत नाही." 'ते' म्हणजे कोण हे आम्ही सांगत नाही. ज्यांच्याकडं बोट होतं तेसुद्धा आणखी कुणाच्या तरी हातचं खात नव्हते. पैठण आपल्याच जिल्ह्यात आहे. एकनाथ महाराजांनी श्राद्धाचं अन्न भुकेल्या महारांना वाढलं आणि गावचे ब्राह्मण त्यांच्यावर उलटले, ही गोष्ट आपण कीर्तनात ऐकतो, मान डोलावतो. चारशे वर्षं झाली त्याला. आपण ब्राह्मणांना नावं ठेवतो, आणि आपल्यातच हे.

काकांना उत्तर त्या खांबाजवळच्या आजीनं दिलं. ती म्हणाली, "दावे फेटाळले त्याची यादी मी पोराकडून वाचून घेतली. सगळ्यांची नावं एकाखाली एक लिहिलीत. साहेबानं तुम्हा-आम्हाला एकाच पंगतीला बसवलंय. तिथं नाही झाला का विटाळ?"

कुणी काही बोललं नाही. काका उठले आणि त्यांच्या वाडीचं पिठाचं गाठोडं आणून मधे ठेवलं. ते आमच्या नात्यातलेच आहेत, म्हणून आम्हाला जास्त बरं वाटलं.

आता एक चूल म्हणजे सोपं काम वाटतं. तसं नाही. पहिल्या उत्साहात पोरांनी ज्वारी, बाजरी आणि मका सगळं पीठ एकाच काठवटीत ओतलं. बायांनी कपाळाला हात लावला. त्या पिठाची भाकर तव्यावर टाकली की तिचे तुकडे पडत होते. शेवटी ते पीठ कढत्या पाण्यात सोडून त्याचं घाटल्यासारखं केलं, वरून ठेचा, आणि खाल्लं सगळ्यांनी. दुसऱ्या वेळेपासून पिठं वेगळी, भाकरी वेगळ्या, पण कोरड्यास एकच. डाळीचं कालवण एका पातेल्यात. मिरची कमी टाकायची, ज्याला पाहिजे त्यानं ठेचा घ्यायचा. वाढायला रोज दोन वेगळ्या वाड्यांची माणसं. आधी लेकरं, मग म्हातारी, मग बाकीचे, आणि वाढणारे सगळ्यात शेवटी. एवढे चार नियम ठरवायला दोन तास लागले, पण आतापर्यंत झालेल्या कितीतरी ठरावांपेक्षा हे नियम जास्त पाळले गेले.

आणि मजा यायला लागली. हे मुद्दाम सांगतो, नाहीतर वाटेल की सगळं कर्तव्य म्हणून चाललं होतं. तडवी मावशींनी उडदाची डाळ अशी घोटली की लोक बोटं चाटत होते. ठाकरवाडीच्या आज्या थापताना गाणी म्हणायला लागल्या, पलीकडून भिलवाड्याच्या बाया त्यांच्या बोलीत उत्तर द्यायला लागल्या. पहाऱ्यावरचे दोन पोलीस वास घेत घेत जवळ आले. त्यांनापण दिलं. नोकरीवर असले तरी भूक त्यांनाही लागतेच.

आता चूक सांगतो. चौथ्या दिवशी चर्चेला आत बोलावलं. निरोप आला तेव्हा बाया भाकरी थापत होत्या, हात पिठाचे. "तुम्ही चालू ठेवा, आम्ही जाऊन येतो" म्हणून पाच पुरुष आत गेले. साहेबांनी विचारलं, तुम्ही म्हणता ते जंगल कुठून कुठपर्यंत? सरपण कुठलं आणता? पाणी कुठं आहे? उन्हाळ्यात कुठला झरा टिकतो? आपले पाच जण एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिले. एकानं झरा सांगितला तो पाच वर्षांपूर्वी आटलेला. जिला सगळं तोंडपाठ होतं ती बाहेर परातीपुढं बसली होती.

त्या रात्री बायांनी फार ऐकवलं आम्हाला. बरोबरच होतं. पाचव्या दिवसापासून ठरलं की चर्चेच्या आणि सभेच्या वेळी चुलीजवळ पुरुष बसतील. पहिल्या दिवशीच्या भाकरी म्हणजे तालुक्याचे नकाशे होते, एकीला तर मधे तलावच पडला होता. एका काकांचं बोट भाजलं ते त्यांनी दोन दिवस सगळ्यांना दाखवलं. मावश्या लांबून हसत होत्या, पण उठून मदतीला आल्या नाहीत, आणि हे चांगलं केलं. पुढच्या चर्चेला तीन बाया आत गेल्या. झरे, पायवाटा, गुरं चारायची टेकडी, सगळं बोटावर मोजून सांगितलं.

हे फक्त ठिय्यापुरतं नाही. वनहक्क कायद्याचे नियम २०१२ साली दुरुस्त झाले. त्यात लिहिलंय की ग्रामसभेला निम्मे सभासद हजर पाहिजेत, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया पाहिजेत. आता तुमच्या वाडीवर ग्रामसभा किती वाजता होते ते सांगा. बऱ्याच ठिकाणी सकाळी अकराला. तेव्हा बाई चुलीपुढं असते. मग संध्याकाळी वही घेऊन कुणीतरी दारोदार फिरतो आणि अंगठे घेतो. असा ठराव उद्या कुणी तपासला तर काय दाखवणार? आणि कायद्याचं कलम ४ (४) सांगतं की लग्न झालेल्यांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर व्हायला पाहिजे. पट्ट्यावर तिचं नाव चालतं तर सभेत ती का नको? सभा रात्री जेवणं झाल्यावर घ्या. दिवसा घ्यायची असेल तर त्या दिवशी पुरुषांनी खिचडी टाकावी. बूड लागलं तरी चालेल.

आता भाजीचं सांगतो. जाधववाडीच्या मंडईतून कुणी तरी चार गोण्या भाजी पाठवली, पालक, मेथी, कोबी. आज्या निवडायला बसल्या आणि नाकं मुरडायला लागल्या. "याला काय वास आहे का?" मग तरोटा निघाला, कुर्डू निघाला, पाथरी, करटुली, अंबाडी, मोहाची फुलं, टेंभुर्णीची फळं. कोणती भाजी मृगाच्या पहिल्या पावसाला येते, कोणता कंद दोनदा पाणी टाकून उकळल्याशिवाय खायचा नाही, दुष्काळाच्या साली कुठल्या उतारावर कंद खणले. एक सांगायला लागली की दुसरी म्हणायची, "आमच्याकडं ते ओढ्याच्या अलीकडं होतं." आमच्यातल्या एकाच्या ध्यानात आलं आणि त्यानं वही काढली. दोन संध्याकाळींत चौदा पानं भरली.

ही चौदा पानं म्हणजे पुरावा आहे. नियम १३ मध्ये सामूहिक हक्काचे पुरावे कोणते ते दिलंय. त्यात कंदमुळं, चारा, रानफळं गोळा करायच्या जागा स्पष्ट लिहिल्या आहेत, पाण्याच्या आणि गुरं चारायच्या जागापण. दावा करणाऱ्या माणसाला सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबसुद्धा पुरावा धरतात. आपण वर्षभर कचेरीकचेरीत जुने कागद शोधत फिरलो, दंडाच्या पावत्या, जुने पंचनामे. ते लागतातच, ते टाकून देऊ नका. पण १३ डिसेंबर २००५ च्या कितीतरी आधीपासून आपण कुठं काय खणून खात होतो हे आजीच्या जिभेवर होतं, आणि आम्ही तिला विचारलंच नव्हतं. भाजी निवडताना ते आपोआप निघालं. नुसतं "जबाब दे" म्हणून समोर बसवलं असतं तर तीन वाक्यांच्या पुढं गेली नसती.

सहाव्या दिवशी शहरातल्या भल्या माणसांनी पुरीभाजीची पाकिटं आणली. त्यांचे उपकार आहेत, गोड लागली. पण त्या दिवशी चूल पेटली नाही. लोक पाकीट घेऊन परत जिकडं तिकडं पांगले, आपापल्या वाडीचे आपापल्या ठिकाणी. संध्याकाळी पाण्याच्या बादलीवरून दोन वाड्यांत भांडण झालं. आम्हाला वाटतं ते चूल नसल्यामुळं झालं. काही जणांना हे पटत नाही, ते म्हणतात ऊन होतं म्हणून. असेल.

नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगर चालतो. किनवटकडचे आपले भाऊ शहरात आले की तिथं जेवतात. तिथं कुणाला जात विचारत नाहीत, आणि जेवणारा उठून रोट्या लाटायला बसला तर त्याला नको म्हणत नाहीत. आम्हाला हे दुसरं जास्त आवडतं. २०१८ चा नाशिक ते मुंबई मोर्चा तुम्हाला आठवत असेल. ६ मार्चला निघाले, साधारण १८० किलोमीटर चालून १२ तारखेच्या पहाटे आझाद मैदानावर पोचले. दहावीची परीक्षा होती, पोरांना गर्दीचा त्रास नको म्हणून शेवटची वाट रात्रीच चालले. मुंबईच्या लोकांनी पाणी, बिस्किटं, चपला दिल्या, त्याचे फोटो सगळीकडं आले. पण त्याआधी वाटेत सोबत नेलेले तांदूळ, पीठ, डाळ शिजवून ती माणसं चालत होती. ते फोटो कमी दिसले. आपल्या आजोबांची इर्जिक अशीच होती. एकाचं रान नांगरायला सगळ्यांचे बैल, आणि संध्याकाळी रानवाल्याकडं सगळ्यांना जेवण. झाबुआकडचे भिल भाऊ हलमा म्हणतात. आपण ट्रॅक्टर आल्यावर सोडून दिलं.

सातव्या दिवशी फेरपडताळणीचं लेखी पत्र मिळालं आणि आपण उठलो. पट्टे अजून हातात नाहीत. म्हणून पुन्हा जायचं आहे, तारीख आज संध्याकाळी ठरेल. या वेळी पहिल्या रात्रीपासून एकच चूल. घरटी दोन किलो पीठ, कुठलं ते गाठोड्यावर कोळशानं लिहा, आणि पावशेर डाळ. ज्यांच्याकडं यंदा पिकलं नाही त्यांनी सरपणाची मोळी आणावी. तेही नसेल तर नुसतं यावं, गाठोडं कुणी तपासणार नाही. मिरची-मीठ संघटनेकडून. चुलीवर पहिल्या दिवशी आमच्या वाडीचे पुरुष.

काठवटी दोनच आहेत, त्या पुरत नाहीत. कुणाकडं मोठी असेल तर शनिवारच्या बाजाराच्या दिवशी टेम्पोत टाका. आणि मागच्या वेळची मोठी काहील कुणाकडं राहिली आहे? लग्नाच्या भांड्यांतली आहे, काठावर नाव कोरलंय, ज्यांची आहे ते रोज विचारतात.