काम थांबल्यावर राहायचं कुठे?

(एकट्या आणि कष्टकरी स्त्रियांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



‘निवृत्ती’ हा शब्द आपल्या शिबिरांत फारसा ऐकू येत नाही. तो पेन्शनवाल्यांचा शब्द. धुणंभांडी करणारी, पोळ्या लाटणारी, भाजीची पाटी घेऊन बसणारी बाई निवृत्त होत नाही. तिचे गुडघे निवृत्त होतात, मग एकेक काम सुटत जातं. आणि तेव्हा पहिला प्रश्न उभा राहतो तो जागेचा. एवढ्याशा पैशांत राहायचं कुठे?

आपण या प्रश्नावर कमी बोललो आहोत. नवऱ्याने टाकलेल्या बाईच्या निवाऱ्याबद्दल बोललो, १९८८ साली संगमनेरला परित्यक्तांचा मेळावा झाला तेव्हापासून बोलतो आहोत. पण तेव्हा तिशी-पस्तिशीत असलेल्या त्या बाया आज सत्तरीत आहेत. २०११च्या जनगणनेत साठीपुढच्या स्त्रिया सुमारे ५ कोटी ३० लाख होत्या आणि पुरुष ५ कोटी १० लाख. बाई जास्त जगते, शिवाय लग्नात ती नवऱ्याहून लहान असते. म्हणजे शेवटची काही वर्षं बहुतेकींच्या वाट्याला एकटीनेच येतात.

आधी पैशाचा हिशोब पाहू, तो पटकन संपतो. संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचे महिन्याला दीड हजार, तेही वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला मिळाला तर. प्रॉव्हिडंट फंडाच्या पेन्शनची किमान रक्कम २०१४ साली एक हजार रुपये ठरली. २०२४ला सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेची वयोमर्यादा ६५ आहे आणि तिची उत्पन्नाची अट अडीच लाखांची. पासष्टी ओलांडली की बाई श्रावणबाळच्या दारात येते आणि तिथे अट एकदम २१ हजारांवर उतरते. तेव्हा आपल्या बायांसाठी ‘स्वस्त जागा’ म्हणजे जवळजवळ फुकटची जागा. विकत घेण्याची गोष्ट इथे करतच नाही.

मग बाया काय म्हणतात? मी वस्तीत विचारते तेव्हा दहातल्या सात-आठजणी सांगतात, “गावाला जाऊ.” मुंबईतल्या कोकणी, सातारी, कोल्हापूरकडच्या घरांत हे वाक्य लहानपणापासून ऐकू येतं. गावाला घर आहे, भाडं नाही, परसात शेवगा आहे. खरं आहे. पण माझा पुढचा प्रश्न असतो, घर कुणाच्या नावावर आहे? इथे बाई गप्प होते, किंवा म्हणते, “आमचंच आहे की.”

‘आमचं’ म्हणजे बहुतेक वेळा सासऱ्याच्या नावावर, सासरा जाऊन वीस वर्षं झाली तरी. किंवा थोरल्या दिराच्या. तो घरपट्टी भरतो म्हणून ग्रामपंचायतीच्या नमुना ८ला त्याचंच नाव. सात-बाराला बाईचं नाव असलंच तर बऱ्याचदा ‘इतर अधिकार’ या रकान्यात. दर शिमग्या-गणपतीला आठ दिवस राहणाऱ्या वहिनीचं सगळे स्वागत करतात. तीच वहिनी विधवा होऊन ट्रंक घेऊन कायमची आली की ओटीवरची खोली देण्यावरून भांडण सुरू होतं.

गिरणगावात तर याची दुसरी बाजू दिसते. तिथे नवरा परळ-लालबागच्या खोलीत आणि बायको गावाला, असे संसार पिढ्यानपिढ्या चालले. खोली भाड्याची, पावती नवऱ्याच्या नावाची, आणि सोबतीला राहणारा त्याचा पुतण्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ असं म्हणतो की भाडेकरू वारला तर भाडेहक्क त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर राहत असलेल्या कुटुंबीयाकडे जातो. तसं कुणी नसेल तरच वारसाकडे. म्हणजे ज्या बाईने तीस वर्षं गावची शेती आणि सासू-सासरे सांभाळले, ती ‘बरोबर राहत नव्हती’ म्हणून मागे पडू शकते. मुंबईची खोली पुतण्याची आणि गावचं घर दिराचं! आयुष्यभर दोन घरं चालवून तिच्याकडे एकाचीही पावती नाही.

कायदा सगळाच विरुद्ध नाही. नवरा मृत्युपत्र न करता वारला तर १९५६च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे विधवेला मुलामुलींइतकाच वाटा आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना महाराष्ट्राने १९९४ला आणि देशाने २००५ला मुलासारखा हक्क दिला. म्हणजे टाकलेली किंवा अविवाहित बाई माहेरच्या घरावरही दावा सांगू शकते. अडचण येते ती हक्कसोडपत्राची. “ताई, एक सही कर, कागद साफ करायचेत,” असं भाऊ राखी पौर्णिमेच्या आसपासच म्हणतो, हे मी गमतीने सांगत नाही. सही करण्याआधी तिने एवढाच विचार करावा, सत्तराव्या वर्षी मी या घरी आले तर मला दार उघडेल का? २०२०पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन घरांच्या मिळकत पत्रिका तयार होत आहेत. आपल्या गावाची मोजणी झाली का, पत्रिकेवर कुणाची नावं लागली, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारायला हवं. एकदा पत्रिका बनली की नाव घालायला वर्षं जातात. आणि नमुना ८ हा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे, हेही आपल्या बायांना सांगायला हवं.

कागद ठीक असला तरी गाव पाहूनच ठरवावं. सरकारी दवाखाना किती लांब? पाणी दारात की टेकडीखालच्या विहिरीवर? एसटी दिवसातून किती वेळा? (पंचाहत्तरीनंतर २०२२पासून एसटी फुकट आणि २०२३पासून सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट आहे, पण गाडीच नसेल तर सवलत घेऊन काय करायचं?) पुण्या-मुंबईत चाळीस वर्षं काढलेल्या बाईची मैत्रीण, बचत गट, उधारी देणारा वाणी, सगळं शहरात राहतं. हे पैशात धरत नाहीत, पण आजारपणात तेच उपयोगी पडतं.

आता मुलांकडे वळू. ज्या बायांच्या नावावर एखादी खोली आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, जिवंतपणी बक्षीसपत्र करू नका. आपल्या राज्यात राहतं घर मुलाला बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये आहे, म्हणून हा कागद फार पटकन होतो. आणि तो सहजी परत फिरत नाही. मृत्युपत्र मात्र मरेपर्यंत कितीही वेळा बदलता येतं. त्याला दोन साक्षीदार लागतात, नोंदणीची सक्ती नाही. बक्षीसपत्र करायचंच असेल तर ‘मला हयातभर या घरात राहू देणे व माझा सांभाळ करणे या अटीवर’ हे शब्द त्यात लिहून घ्या. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ अशा अटीचा भंग झाल्यास हस्तांतर रद्द करू देतं. पण अट कागदावर नव्हती म्हणून २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने एका आईचा अर्ज फेटाळला. २०२५च्या निकालात न्यायालयाने उदार भूमिका घेतली, तरी निकालाच्या भरवशावर छप्पर ठेवू नये. याच कायद्याखाली प्रांतांच्या न्यायाधिकरणापुढे महिना दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो. मूलबाळ नसलेल्या बाईला, तिची मालमत्ता ज्याला मिळणार आहे त्या नातेवाइकाकडून तो मागता येतो. हे फार कमी जणींना माहीत आहे.

इथे एक अवघड गोष्ट बोलायलाच हवी. दहा बाय बाराच्या खोलीत सासू आणि सून दोघींनाही जागा हवी असते. सुनेला बाहेर काढण्यासाठी मुलगा आईला पुढे करून ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली अर्ज करवतो, असं घडतं. डिसेंबर २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने सुनेला दिलेला राहण्याचा हक्क असा डावलता येणार नाही. निकाल योग्य आहे असं मला वाटतं. पण ज्या सासूला खरोखर मार बसतो, तिला आपण कुठे पाठवतो? तोच हिंसाचार कायदा तिलाही लागू आहे, मुलाविरुद्ध तीही जाऊ शकते. आपल्या सल्ला केंद्रात सून आली की आपण लगेच पुढे होतो, सासू आली की थोडं थबकतो. हे थबकणं सोडायला हवं.

वृद्धाश्रमाबद्दल थोडंच बोलते. कायद्यातच जिल्ह्यामागे किमान दीडशे निराधारांचा आश्रम सरकारने टप्प्याटप्प्याने उभारावा असं म्हटलं आहे, तेही ‘करू शकेल’ अशा भाषेत. आपली मागणी ‘करावेच लागेल’ अशी असली पाहिजे. पैसे घेणारे आश्रम आपल्या बायांना परवडत नाहीत.

भाड्याच्या खोलीचा मार्ग मला जास्त शक्य वाटतो, पण एकटीने नव्हे. आमच्या वस्तीतल्या तिघी मावश्यांनी मिळून बदलापूरच्या पुढे एक खोली घेतली. तळमजला, आत नळ, स्टेशनहून रिक्षा. तिघींत भाडं परवडतं. घरमालक आधी “म्हाताऱ्या बायका, उद्या काही झालं तर?” म्हणून नाही म्हणत होता. संघटनेच्या दोन कार्यकर्त्या जाऊन बसल्या तेव्हा तयार झाला. करार नोंदवला, तिघींची नावं घातली. तो नोंदवणं १९९९च्या कायद्याने घरमालकाची जबाबदारी आहे, तरी आपणच मागे लागावं लागतं. त्यांच्यात भांडणं होतात, विशेषतः टीव्हीवरून. तरी तिघीही म्हणतात की मुलाकडे परत जायचं नाही.

असे गट आपण पन्नाशीच्या बायांबरोबर आत्ताच बांधायला घ्यावेत, असा माझा प्रस्ताव आहे. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या वस्तीतल्या पाचजणींचे कागद आणावेत. नमुना ८, सात-बारा, भाडेपावती, रेशनकार्ड, जे असेल ते. काहीच नसेल तर गावाचं आणि घरपट्टी भरणाऱ्याचं नाव चिठ्ठीवर लिहून आणलं तरी चालेल. तिथूनच सुरुवात करू.