चित्र वहीत नसते

(द्वारका, नाशिक येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



येथील द्वारका चौकाचे वर्णन नाशिककरांपुढे करायला नको. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याचा रस्ता एकत्र येतात आणि उड्डाणपूल होऊनही खालची वाहने खोळंबतात. चलच्चित्रांच्या प्रसारणाची आजची व्यवस्था अशीच एका चौकातून जाते. गोदाकाठचे कीर्तन पंचवटीतल्या घरात पाहायचे, तरी ते आधी एखाद्या बलाढ्य परदेशी कंपनीच्या यंत्रागारात पोहोचते. नियम तिचे आणि चित्रफीत काढून टाकण्याचा अधिकारही तिचाच.

दादासाहेब फाळके १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' दाखवून नाशिकला आले. कॅमेरा विलायती होता. पण चित्रण, धुलाई, जोडणी घरच्या माणसांच्या हातची. फिल्मच्या कडेची छिद्रेसुद्धा सरस्वतीबाई पाडत. साधनांवर हुकमत असणे म्हणजे काय, हे या गावाला तेव्हाच कळले होते.

आता ब्लॉकचेनच्या आधाराने विकेंद्रित प्रसारणाची जाळी उभी राहिली आहेत. अनेकांचा समज असा की, चित्रपटच ब्लॉकचेनवर ठेवला जातो. तसे नाही. ब्लॉकचेन ही अनेकांकडे एकाच वेळी असलेली हिशेबाची वही. चित्र वहीत नसते. लाइव्हपीअर या जाळ्यात थेट प्रक्षेपणाचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात. मंद जोडणीच्या भ्रमणध्वनीपासून मोठ्या पडद्यापर्यंत चालतील अशा निरनिराळ्या दर्जांत ते रूपांतरित करावे लागतात. हे खर्चिक काम जगभरातील स्वतंत्र यंत्रधारक करतात. काम मिळण्यासाठी ते टोकन तारण ठेवतात. गंमत मजुरीत आहे. प्रत्येक तुकड्याचे पैसे वहीत मांडायचे, तर मांडणावळच मजुरीपेक्षा जड व्हावी! म्हणून सोडतीसारखी तिकिटे दिली जातात. मोजकीच वटतात, पण सरासरीने मोबदला पुरा पडतो. थीटा नावाच्या दुसऱ्या जाळ्यात प्रेक्षकाचाच संगणक मिळालेले तुकडे इतर प्रेक्षकांकडे पोहोचवतो आणि टोकन मिळवतो.

मात्र टोकन दिसले की सट्टा आलाच. २०२२ च्या अर्थसंकल्पाने अशा आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर बसवला. तरुणांनी हे लक्षात ठेवावे. शिवाय मोठे तारण थोड्यांच्या हाती गेले, तर विकेंद्रीकरण नावापुरते उरते. चौकातला जमीनदार तेवढा बदलतो.

म्हणून टोकन विकत घेण्याची घाई नको. यंत्र चालवायला शिका. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील मुलांनी एखाद्या वसंत व्याख्यानमालेचे प्रक्षेपण अशा जाळ्यातून करून पाहावे. चित्र किती वेळा अडकले, खर्च किती आला आणि खेड्यातल्या मंद जोडणीवर ते दिसले का, हे टिपून ठेवावे. सिंहस्थातील पर्वणीचे प्रक्षेपण त्यानंतरची गोष्ट.