ज्येष्ठतेची यादी



आम्ही कामगार चळवळीतले. शाळा सातवीतच सुटली. मैदानाशी संबंध तो सभेपुरता. त्यात हा अमेरिकेतला फुटबॉल. तो बहुतांशी हातांनीच खेळतात!

व्हर्जिनियातील अलेक्झांड्रिया शहरात 1971 साली तीन हायस्कुलांचे वरचे दोन वर्ग टी. सी. विल्यम्स या एकाच शाळेत आणले. गोरी-काळी मुले एका संघात आली. प्रशिक्षक कोण? बिल योस्ट हे गोरे गृहस्थ तेथे वर्षानुवर्षे संघ घडवीत आलेले. नेमणूक मात्र झाली हर्मन बून या काळ्या माणसाची.

ही तक्रार आमच्या कचेरीत आली असती, तर आम्ही तत्काळ योस्टांची बाजू घेतली असती. ज्येष्ठता मोडली की वशिला आत शिरतो, हे आम्ही जन्मभर सांगत आलो. पण बून यांची आधीची हकीकत वाचली आणि थबकलो. उत्तर कॅरोलिनात काळ्यांच्या शाळेत त्यांनी विजयी संघ उभा केला होता. शाळा एकत्र होऊ लागल्या तेव्हा, 1969 साली, त्यांना सांगण्यात आले की, काळा मुख्य प्रशिक्षक गावाला चालणार नाही, दुय्यम म्हणून राहा. म्हणजे वर चढण्याचा जिनाच काढून घेतला! आमच्या मुंबईच्या गिरण्यांत काय वेगळे होते? तुटलेला धागा तोंडाने ओला करावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात मज्जाव. 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हे पुढाऱ्यांपुढे मांडले. त्या खात्यात ज्येष्ठता लागणार तरी कोणाची?

योस्ट सोडून गेले नाहीत. दुय्यम होऊन बचावाची फळी सांभाळली. गेटिसबर्गच्या कॉलेजात शिबिर झाले, तेथे गोरी-काळी मुले एका खोलीत राहिली. मोसमातले 13 च्या 13 सामने जिंकले. अंतिम सामना 27-0. पुढे 2000 साली निघालेल्या चित्रपटात चुरस फार दाखविली आहे. प्रत्यक्षात बहुतेक सामने एकतर्फीच झाले.

आमच्या मनातून मात्र योस्ट जात नाहीत. त्यांच्यावर अन्याय झाला का? आमच्या मते झाला. आणि बून यांची नेमणूकही योग्यच होती.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात असाच एका जागेचा तंटा आमच्याकडे आला. आम्ही ज्येष्ठाचा पक्ष घेतला, जिंकलो, गळ्यात हारही घालून घेतले. हरलेला तरुण त्या खात्यात लागलेला त्याच्या वस्तीतला पहिलाच. तो अजून वर्गणी वेळेवर आणून देतो. कचेरीत खुर्ची पुढे केली तर बसत मात्र नाही.