फटाक्यांच्या रात्री आपला कुत्रा

दिवाळीच्या आधी बचत गटाच्या बैठकीत विषय निघतात ते फराळाच्या ऑर्डरीचे, हप्त्याचे, कापूस वेचणीचे. मी आज कुत्र्यावर बोलणार आहे. हसू नका. आपल्या कळमेश्वर भागात ज्यांची संत्र्याची बाग आहे, त्यांना विचारा रानडुक्कर शिरलं की आधी कोण भुंकतं ते. वर्षभर राखण करणारा हा जीव लक्ष्मीपूजनाच्या रात्री दोर तोडून पळतो. मग सकाळी कुणी सांगतं, काटोल रोडच्या कडेला पडला आहे, नाहीतर रेल्वेच्या रुळावर. कधी तर सापडतच नाही.

तो का पळतो, हे आधी समजून घेऊ. आपल्या कानाला सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज कळतो, कुत्र्याला ४५ हजारांच्या आसपासचा. शिवाय आपल्याला माहीत असतं की आज सण आहे, वात पेटवली, आता आवाज होणार. त्याला यातलं काहीच कळत नाही. धमाका कुठून आला, पुन्हा केव्हा येईल, काही अंदाज नाही. म्हणून तो थरथरतो, ऊन नसताना धापा टाकतो, लाळ गाळतो, शेपूट पायात घालतो, बाजेखाली शिरतो. भाकरीकडे पाहतसुद्धा नाही.

“राहू दे बाहेर, सवय होईल,” असं घरची पुरुष मंडळी म्हणतात. जो कुत्रा खरंच घाबरतो, त्याला अशानं सवय होत नाही, उलट दरवर्षी भीती वाढते. दुसरा समज आपल्या बायकांमधला. घाबरलेल्या कुत्र्याला कुरवाळलं की तो आणखी भित्रा होतो म्हणे. नाही होत. तो जवळ आला तर हात फिरवा, हळू बोला. लपून बसला असेल तर ओढून काढू नका.

खरं काम दिवसा करायचं असतं. संध्याकाळी पाचच्या आधी त्याला साखळी लावून फिरवून आणा, शी-शू होऊ द्या, पोटभर खाऊ घाला. अंधार पडायच्या आत घरात घ्या. अंगणात बांधून ठेवू नका, घाबरून गोल गोल फिरला की दोर गळ्यालाच आवळतो. टिनाच्या छपराखाली नको, तिथे आवाज दुप्पट वाटतो. कुटाराच्या खोलीत तर मुळीच कोंडू नका. एक ठिणगी पडली की बाहेर निघायला वाट नाही. घराची मधली खोली बरी. खिडकी लावा, पडदा ओढा, बाजेखाली जुनी गोधडी अंथरा आणि पाण्याचं भांडं ठेवा. गोधडी धुतलेली नको, घरच्यांचा वास असलेली हवी. एकच खोली असेल तर कोपऱ्यात बाज आडवी लावून वर चादर टाका, तेवढा आडोसा त्याला पुरतो.

आणि आपल्याकडे कुलर आहेच की! पाणी न भरता नुसता पंखा चालू करा, त्या घरघरीत बाहेरचा आवाज बराच दबतो. रेडिओ लावून ठेवला तरी चालेल. आमचेही श्रोते तेवढेच वाढतील.

दिवाळीला दोन-तीन आठवडे असतील तर आणखी एक करता येतं. मोबाईलवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावायचा आणि त्याच वेळी भाकरीचा तुकडा द्यायचा. तो निवांत खात असेल तरच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आवाज किंचित वाढवायचा. कान मागे पाडले की कमी करायचा. पट्ट्यावर आपला मोबाईल नंबर पक्क्या शाईनं लिहून ठेवा. पळालाच तर कुणीतरी फोन करेल.

फारच घाबरणारा असेल तर आठ दिवस आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, डॉक्टर वजन बघून औषध देतात. आजोबांची झोपेची गोळी, अंगदुखीची गोळी, दारूचं बूच, असलं काहीही घरच्या घरी देऊ नका. माणसाच्या वेदनाशामक गोळ्यांनी कुत्रा दगावू शकतो.

वस्तीतल्या कुत्र्यांना घर नसतं. त्या रात्री एखादा तुमच्या पायरीखाली किंवा गुरांच्या कोठ्यात शिरला तर हाकलू नका, पण हातही लावू नका. घाबरलेला कुत्रा चावतो. चावलाच तर जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. तिखट, चुना लावू नका. लगेच सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा. दिवाळी आहे म्हणून थांबू नका.

आपल्या पोट्ट्यांनाही सांगावं लागतं. शेपटीला लड बांधणं ही गंमत नाही. १९६० च्या कायद्यानं प्राण्याला असा छळ करणं गुन्हा आहे. रात्री १० ते सकाळी ६ आवाजाचे फटाके वाजवायला तशीही बंदी आहे आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये दिवाळीसाठी रात्री ८ ते १० ही वेळ सांगितली होती. पोलीस दारोदार येणार नाहीत, हे मलाही कळतं. पण गटाच्या बैठकीत आपणच ठरवू शकतो की आपल्या गल्लीत सुतळी बॉम्ब नको, फुलबाजी आणि झाड चालेल, आणि दहानंतर सगळं बंद. तमिळनाडूत शिवगंगा जिल्ह्यात कोल्लुकुडीपट्टी नावाचं गाव आहे. शेजारच्या वेट्टंगुडी अभयारण्यातले पक्षी उडून जाऊ नयेत म्हणून त्या गावानं कित्येक दशकांपासून दिवाळीला फटाके वाजवलेले नाहीत. मुलं तिथेही आहेतच.

आपल्याकडे दुसऱ्या दिवशी गायगोधन असतं, तेव्हाही गुरांमागे लडी लावतात. म्हणून कुत्र्याला पाडव्याच्या दुपारपर्यंत मोकळं सोडू नका. त्याआधी अंगण झाडून घ्या. न फुटलेले फटाके बादलीभर पाण्यात भिजवा, मग खोल पुरा. पिल्लं ते चघळतात आणि त्यातली दारू विषारी असते. कुत्रा भाजला तर जखमेवर दहा-पंधरा मिनिटं गार पाणी हळूहळू सोडा. हळद नको, टूथपेस्ट नको. मग १९६२ वर फोन करा, हा जनावरांच्या दवाखान्याचा फुकट नंबर आहे. तो आत्ताच भिंतीवर लिहून ठेवा, कॅलेंडरच्या शेजारी.